मोरी, गोठा आणि पायऱ्या : मोरणा खोऱ्यातल्या प्रकल्प नोंदी

१२ मे २०२५, सोमवार

म्हाताऱ्या माणसांचं पडणं कमी करायच्या प्रकल्पाची व्याप्ती ठरली. मोरणा खोऱ्यातल्या (ता. पाटण, जि. सातारा) दोन वाड्या, ६५ वर्षांवरचे सगळे, फक्त अंथरुणाला खिळलेले वगळून. मुदत दिवाळीनंतरपर्यंत, म्हणजे अख्खा पावसाळा आत येतो. गटात उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी, दोन्ही वाड्यांच्या आशा, कराडहून येणारे फिजिओथेरपिस्ट, एक गवंडी आणि एक वेल्डर. गवंडी-वेल्डर पहिल्या बैठकीपासूनच हवेत. नाहीतर सल्ले कागदावर राहतात आणि दांडा कुठल्या भिंतीत बसेल हे शेवटी कुणालाच माहीत नसतं.

उद्दिष्ट दोन रकान्यांत लिहिलं: पडणं कमी व्हावं, आणि चालणं आहे तेवढं टिकावं किंवा वाढावं. नुसता पहिला रकाना ठेवला तर त्यावरचा सोपा उपाय बहुतेक घरांनी आधीच केलेला असतो : "आजी, तुम्ही उठू नका, काय पायजे ते आम्ही देतो." बसून राहिलेल्या माणसाच्या मांड्या झपाट्याने उतरतात. मग जे चालणं टाळताच येत नाही, म्हणजे रात्री लघवीला उठणं, त्यातच तोल जातो. म्हणून नियम असा की कुठलाही उपाय केल्यावर माणूस आधीपेक्षा कमी चालू लागला, तर तो उपाय मागे घ्यायचा.

वयाची अडचण. आधार कार्डावर निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून. चाचण्यांचे निकष वयोगटाप्रमाणे बदलतात, त्यामुळे अंदाज बरा हवा. इथे कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) सगळ्यांच्या आठवणीत पक्का आहे. तेव्हा शाळेत होता, लग्न झालं होतं, का कडेवर पोर होतं, एवढं विचारलं की वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने बसतं.

१९ मे

पहिली चाळणी तीन प्रश्नांची: वर्षभरात पडलात का? उभं राहताना, चालताना डगमगल्यासारखं वाटतं का? पडायची भीती वाटते का? एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर पुढच्या चाचण्या. आशांच्या सीबॅक फॉर्ममध्ये (घरोघरी भरायची आरोग्य चाचपणीची यादी) ६० वर्षांवरच्यांसाठी उभं राहताना-चालताना तोल जाण्याचा प्रश्न आधीपासून आहे. तो भरला जातो, पण पुढे त्याचं काही होत नाही. तेच जुने फॉर्म काढून यादी सुरू केली.

पहिला प्रश्न ‘पडलात का’ असा सरळ विचारला की उत्तर ‘नाही’ येतं. "घसरलात का, बसकण बसली का, कशाला तरी धरून सावरलात का" असं उलगडून विचारायचं. सून समोर असली तर उत्तर आणखी आखडतं, कारण कबूल केलं की गोठ्यात जाणं बंद होणार हे आजींना पुरतं ठाऊक असतं. शक्यतो एकटं गाठून विचारावं.

२६ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. चाचण्या अंगणातून देवळाच्या सभामंडपात हलवल्या.

वेळेची चाल: खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोजची चप्पल, रोजची काठी चालते. घड्याळ ‘चला’ म्हटल्यावर सुरू, पाठ खुर्चीला टेकली की बंद. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका धरायचा. खडूची रेघ ओल्या फरशीवर टिकत नाही, इन्सुलेशन टेप लावली. गंमत अशी की नातवंडं बघायला जमली की आजोबा शर्यत लावतात आणि वळताना झोकांडतात. एक फेरी सरावाची द्यायची, "रोजच्या चालीनं चला आबा" म्हणून सांगायचं, आणि पोरांना देवळाबाहेर काढायचं. सेकंदांइतकंच वळण्याकडे लक्ष द्यावं. एका जागी चार-पाच छोटी पावलं टाकून वळणारा किंवा वळताना खांब शोधणारा माणूस ११ सेकंदांत आला तरी यादीत ठेवायचा.

खुर्ची चाचणी: हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. बैठकीची उंची ४३ सेंमी हवी. मंडपातल्या प्लास्टिक खुर्च्या मोजल्या तर बऱ्याच त्याहून बुटक्या निघाल्या. बुटक्या खुर्चीवर आकडा उगाच कमी येतो, त्यामुळे एकच खुर्ची निवडून तिच्यावर खूण केली, आणि तीच दरवेळी वापरायची. खुर्ची भिंतीला टेकवूनच, नाहीतर शहाबादीवर मागे सरकते. उठताना हात लावला तर गुण शून्य. वेळ संपताना माणूस अर्ध्याहून जास्त उठलेला असेल तर ती उठबस धरायची. निकष: बायकांत ६५ ते ६९ वयाला ११ पेक्षा कमी, ७० ते ७९ ला १० पेक्षा कमी, ८० ते ८४ ला ९ पेक्षा कमी म्हणजे पाय अशक्त. पुरुषांत ६५ ते ७४ ला १२, ७५ ते ७९ ला ११, ८० ते ८४ ला १०.

तोलाच्या चार पायऱ्या: पाय जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाचेला अंगठा लावून एका रेषेत, मग एका पायावर. प्रत्येकी १० सेकंद. तिसरी पायरी १० सेकंद टिकली नाही तर धोका. परीक्षकाने बाजूला, किंचित मागे उभं राहायचं. समोर उभं राहिलं की लोक त्याचाच हात धरतात.

खालच्या वाडीत नऊवारी नेसणाऱ्या बऱ्याच आहेत. काष्टा घातलेलं लुगडं घोट्याच्या वर राहतं आणि पायात येत नाही. सहावारीच्या निऱ्या पायरी चढताना अंगठ्याखाली येतात. चाचणीआधी निऱ्या दोन बोटं वर खोचायला सांगितल्या. घरीही तेच.

३ जून

रक्तदाब, आडवा आणि उभा. ५ मिनिटं पाठीवर झोपवून पहिला, उभं केल्यावर १ मिनिटाने दुसरा, ३ मिनिटांनी तिसरा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहताना घेरी येण्याचं कारण सापडलं म्हणायचं. बसून घेतलेला एकच आकडा इथे काही कामाचा नाही. घाई करून दोन मिनिटंच झोपवलं तर फरक दडून राहतो. उभं केल्यावर दंड हृदयाच्या उंचीवर धरायचा. हात खाली लोंबकळत ठेवला तर आकडा वाढून येतो आणि खरी घसरण झाकली जाते.

"औषधं पिशवीसकट आणा" असा निरोप धाडला होता. पिशव्या उलट्या केल्यावर जे निघालं ते नेहमीचंच: कापलेल्या पट्ट्या, नाव गेलेली पाकिटं, आणि दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली एकच रक्तदाबाची गोळी. तोल बिघडवणाऱ्या औषधांसाठी वेगळा रकाना केला. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम), नैराश्याची आणि नसांच्या दुखण्याची अमिट्रिप्टिलिन, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, आणि सर्दीच्या पट्टीतलं क्लोरफेनिरामिन, जे दुकानातून सहज आणलं जातं आणि औषध म्हणून कुणी सांगतही नाही.

आशांना दोनदा बजावलं: गोळी बंद करा असं आपण कुणालाही सांगायचं नाही. झोपेची गोळी एकदम तोडली तर झोप उडते, हातपाय थरथरतात, कधी झटकेही येतात. ती हळूहळू उतरवावी लागते आणि ते काम डॉक्टरांचं. आपण यादी आणि दोन्ही स्थितींतले आकडे एका कागदावर लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे धाडायचे. बऱ्याच वेळा वेळ बदलणं, मात्रा कमी करणं एवढ्यावर भागतं. तोवर सगळ्यांना एकच सवय: उठून बसायचं, पाय खाली सोडून पावलं दहा-बारा वेळा वर-खाली हलवायची, मग खाट धरून उभं राहायचं, आणि घेरी नाही असं पाहून पहिलं पाऊल.

डी जीवनसत्त्वाच्या पुड्यांबद्दल विचारणा झाली. कमतरता असेल तर डॉक्टर देतील तशी घ्यावी. सरसकट वाटण्याचा विचार सोडला. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत (२०१०) वयस्क बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटची मोठी मात्रा दिली, तर त्यांचं पडणं उलट वाढलं होतं.

१९ जून

घरपाहणी सुरू. शहरी याद्यांमध्ये गालिचे, टीपॉय, बाथटब असतात. इथे त्यातलं काही नाही. आपली यादी माणसाच्या पायवाटेने केली: खाट ते मोरी, मोरी ते चूल, घर ते संडास, घर ते गोठा. पहाटे डेअरीला दूध घालायचं असतं, म्हणून सर्वांत जास्त चालली जाणारी वाट गोठ्याची, तीही अंधारात, हातात चरवी घेऊन. वाटेत दावं आडवं, शेणाचा राडा, उतारावर सुटा दगड. घराच्या आत सगळं नीट केलं आणि ही वाट तशीच ठेवली तर काम अर्धंही झालं नाही.

मोरी. लोक नळाची तोटी धरून उठतात. तोटी त्यासाठी नसते; कधीतरी पाइपासकट हातात येते. टॉवेलचा दांडाही तसाच. धरायचा दांडा वेगळा बसवायचा. पाइप बाहेरून ३२ ते ३८ मिमी जाड असावा, म्हणजे मूठ पुरी मिटते. खरेदीत घोळ इथे होतो: स्टेनलेस पाइप बाहेरच्या मापाने मिळतो, सव्वा इंची म्हणजे बाहेरून ३२ मिमी, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचं माप मात्र नावाचं असतं, एक इंची पाइप बाहेरून ३४ मिमीच्या आसपास आणि सव्वा इंची थेट ४२ मिमी. म्हाताऱ्या बोटांना ४२ मिमी जाड होतो. म्हणून स्टेनलेस घेतला तर सव्वा किंवा दीड इंची, जीआय घेतला तर एक इंची. भिंतीपासून मोकळी जागा ४ सेंमी. फार जास्त ठेवली तर घसरताना कोपर आत जाऊन अडकतं.

भिंत पक्क्या विटेची असेल तर १० मिमीचे अँकर बोल्ट, किमान ७५ मिमी खोल, आणि भोक विटेत पाडायचं, सांध्यात नाही. जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंतीत कुठलाही अँकर धरत नाही. आज घट्ट वाटतो, पावसात माती ओलावली की सुटतो. तिथे दोन पर्याय: भिंत आरपार भेदून पलीकडे १० सेंमी चौरस लोखंडी पट्टी लावून बोल्ट आवळायचा, किंवा भिंत सोडून जमिनीतून खांब काढायचा. दुसरा बरा. खड्डा ३० × ३० सेंमी, ४५ सेंमी खोल. पाइपाच्या तळाला आडवी सळई वेल्ड करायची म्हणजे तो स्वतःभोवती फिरत नाही. १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी), आणि ७ दिवस ओलं ठेवून हात लावायचा नाही. सातव्या दिवशी दोन तगड्या माणसांनी लोंबकळून बघायचं. हललं तर पुन्हा. दोन्ही टोकं बंद किंवा वळवलेली हवीत, उघड्या टोकात पदर अडकतो. साबणाच्या हाताला गुळगुळीत पाइप निसटतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा ताणून गुंडाळला की पकड येते. सुतळी गुंडाळू नये, ती कुजते आणि बुळबुळीत होते.

उंचीचा छापील आकडा इथे वापरला नाही. माणसाला चपलेसकट तिथे उभं करायचं, बसवायचं, आणि हात आपसूक कुठे जातो तिथे कोळशाने खूण करायची. दारापाशी उभा दांडा, कमरेपासून खांद्यापर्यंत. भारतीय बैठकीच्या संडासात आडव्या दांड्यापेक्षा समोरचा उभा दांडा उपयोगी: उकिडवं बसून हात पुढे केला की मूठ जिथे टेकते तिथून वर ६० सेंमी. ज्यांना उकिडवं बसवतच नाही त्यांच्यासाठी कमोड खुर्ची. तिच्या चारही पायांना रबरी बूट असल्याशिवाय ती ओल्या फरशीवर ठेवायची नाही.

पाटावर बसून अंघोळीऐवजी ४० ते ४५ सेंमी उंच स्टूल. गरम पाण्याचं तपेलं चुलीवरून उचलून मोरीत नेणं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. एवढं एक काम काढून घ्यायला हरकत नाही, त्याने चालणं कमी होत नाही.

मोरीसमोर अंथरलेलं पोतं उचलायला लावलं. ते सरकतं, आणि त्याची दुमडलेली कड अंगठ्यात येते. चोषक टिकल्यांचं प्लास्टिक मॅट शहाबादीच्या सांध्यांवर चिकटत नाही. जाळीचं जड रबरी मॅट स्वतःच्या वजनाने जागेवर राहतं.

उंबरा. काढायचा प्रस्ताव मांडायचाच नाही. घरची लक्ष्मी तिथून आत येते, रोज हळदकुंकू वाहिलं जातं, आणि वाद घालून उरलेली कामंही अडतील. वरच्या कडेला ५ सेंमी पिवळा ऑइलपेंटचा पट्टा, चौकटीला एक उभी मूठ. पुरतं.

१० जुलै

जोत्याच्या पायऱ्या. जोतं ४५ सेंमी उंच असलं की उतार करा असं कुणीतरी सुचवतंच. १:१२ च्या प्रमाणाने तो ५.४ मीटर लांब होतो. एवढं अंगण कुणाकडे नाही, आणि आखूड उतार केला तर पावसात ती घसरगुंडीच. त्यापेक्षा पायऱ्या सारख्या करा: उठाव १५ सेंमी, पाऊलजागा ३० सेंमी, एका बाजूला कठडा. जुन्या पायऱ्यांत उठाव १८, मग २४, मग २० असे निघतात. पाय पहिल्या पायरीवरून अंदाज बांधतो आणि पुढच्या पायरीवर चुकतो. उंच पायरीपेक्षा वेगळी पायरी जास्त पाडते.

शेवाळ. इकडच्या पावसात दगड महिन्याभरात हिरवा होतो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, अर्धा तास ठेवून तारेच्या ब्रशने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. गुरं आणि कोंबड्या तोवर लांब. संडास धुवायचं ॲसिड यात कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. दर तीन-चार आठवड्यांनी हे पुन्हा करावं लागतं, म्हणून पाथरवटाकडून पायऱ्यांना टाकी लावून घेतली. जात्याला लावतात तशीच, पाऊलजागेच्या पुढच्या १० सेंमी पट्ट्याला जरा दाट. शेवाळ तरी येतं, पण पाय धरून राहतो. शहाबादीला टाकी हलक्या हाताने लावावी, लादी पातळ असते आणि तिचा पापुद्रा सुटतो.

भात लावणी चालू आहे. व्यायामाच्या वर्गाला हजेरी नाही, आणि आग्रहही धरला नाही. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या माणसाला संध्याकाळी पायाला वजनं बांधायची गरज नसते.

२८ जुलै, श्रावणातला पहिला सोमवार

श्रावण, नवरात्र, एकादश्या. मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन असेल आणि उपवासाच्या दिवशी ते नेहमीसारखं घेतलं तर साखर उतरते, घाम सुटतो, माणूस कोसळतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी. उपवास सोडा असं सांगून कुणी सोडत नाही, आणि सांगूही नये; सोमवारची मात्रा काय हे डॉक्टरांकडून आधी लिहून आणायचं. साखर ७० च्या खाली किंवा मोजायची सोय नसताना तशी लक्षणं: ३ चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. निर्जळी उपवास आणि लघवीची गोळी एकाच दिवशी हाही तसाच प्रश्न.

१४ ऑगस्ट

वर्ग पुन्हा भरला. आराखडा न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या व्यायामक्रमावरून घेतलेला: पायाची ताकद, तोल, आणि चालणं. व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटतं असं २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा) आलं. त्यात तोलाचे व्यायाम असणं महत्त्वाचं. नुसतं चालणं पुरत नाही. "आम्ही रोज रानात जातोय की" हे खरं, पण रानात जाणारा माणूसही एका पायावर १० सेकंद उभा राहू शकेल असं नाही. आठवड्याला ३ तासांच्या आसपास मात्रा हवी. मंडपात दोनदा ४५ मिनिटं, घरी तीनदा अर्धा तास.

घोट्याला बांधायची वजनं घरीच शिवली. जुन्या जीन्सचं कापड, २५ × १२ सेंमी, चार कप्पे, म्हणजे वाळू एका टोकाला गोळा होत नाही. ५ सेंमी रुंद वेल्क्रो. वाळू चाळून, तव्यावर कोरडी करून, प्लास्टिक पिशवीत बांधून मग कप्प्यात. ओली वाळू भरली तर वजन फसवं होतं आणि कापड आठवड्यात कुबट वास मारतं. सुरुवात अर्ध्या किलोने, किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून.

बसून गुडघा सरळ करणं. उभं राहून गुडघा मागे दुमडणं. पाय बाजूला नेणं. टाचा उचलणं, मग चवडे उचलणं. प्रत्येकी १० वेळा, दम घेऊन पुन्हा १०. वर नेताना दोन-तीन आकडे, खाली आणताना चार-पाच. दुसऱ्या दहांतले शेवटचे दोन-तीन जड जायला हवेत. सहज जमले तर अर्धा किलो वाढवायचा. पाय झोक्यासारखा फेकला की सगळं काम वेग करतो, स्नायू नाही. श्वास कोंडून उचलणारे बरेच असतात, म्हणून आकडे मोठ्याने मोजायला लावले. मोजताना श्वास कोंडता येत नाही.

तोल: एका रेषेत उभं राहणं, रेषेवर चालणं, मागे चालणं, बाजूला चालणं, इंग्रजी आठच्या आकारात वळणं, खुर्चीतून हात न लावता उठणं. आधार उतरत्या क्रमाने: दोन्ही हात खांबाला, मग एक, मग दोन बोटं, मग हात जवळ पण मोकळा. वर्ग बहुतेक ठिकाणी फसतो तो इथेच. पडतील या भीतीने शिकवणारा आधार सुटूच देत नाही, महिनोन्महिने दोन्ही हात खांबाला, आणि तोलाला कामच मिळत नाही. जरा डगमगायला झालं पाहिजे, हात खांबापासून वीतभर असला पाहिजे, आणि माणूस घसरू शकेल अशी फरशी नको.

गुडघे आखडलेल्यांनी खुर्चीवर घडी केलेली गोधडी ठेवून उंचावरून उठबस करायची, आठवड्याला एक घडी कमी. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर वेळा कमी करायच्या. छातीत दुखणं, दम लागून बोलता न येणं, गरगरणं: थांबायचं आणि तपासून घ्यायचं.

२५ ऑगस्ट

गणपती-गौरींसाठी वर्ग बंद. घरचा सराव चालू ठेवायचा, वजनं न बांधता. माळ्यावरून डबे, समया, मखर काढायला म्हाताऱ्यांनी स्टुलावर चढायचं नाही, हे प्रत्येक घरी जाऊन धाकट्यांना सांगितलं.

११ सप्टेंबर

पाय आणि पादत्राणं. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा तंतू) तळवे तपासले. बधिर पावलांना फरशीचा अंदाजच लागत नाही. उंबऱ्याबाहेर चप्पल काढायची रीत आहे, त्यामुळे घरात अनवाणी किंवा थंडीत मोजे. मोजे शहाबादीवर सर्वांत वाईट. घरातली वेगळी, स्वच्छ जोडी ठेवायला बहुतेकांनी मान्य केलं. टाचेमागे पट्टा, पातळ पण टणक तळ, खाचा न झिजलेला. अंगठ्यात धरायची स्लिपर ओल्या पायातून निसटते आणि ती धरून ठेवायला बोटं आवळून, पाय फरपटत चालावं लागतं. रक्तदाबाच्या अम्लोडिपिन गोळीने घोटे सुजणाऱ्यांचं माप संध्याकाळी घ्यावं.

काठ्या. मूठ मनगटाच्या रेघेच्या उंचीवर, हात सैल सोडून, चप्पल घालून मोजायचं. त्याने कोपर किंचित वाकलेलं राहतं. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हे ऐकून निम्मे लोक वाद घालतात, दोन फेऱ्या मारून दाखवल्या की पटतं. चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. टोकाच्या रबराच्या खाचा गेल्या की ते बदलायचं; नागडा बांबू ओल्या दगडावर नुसता सरकतो. वॉकर अंगणातल्या उंचसखल जमिनीवर अडकतो, तो घराच्या आतच. मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये ज्यांच्या खात्यावर आले त्यांना आमचा सल्ला: आधी कमोड खुर्ची किंवा काठी-चप्पल, गुडघ्याचा पट्टा सर्वांत शेवटी.

१ ऑक्टोबर

डोळे आणि उजेड. मोतीबिंदूची यादी ग्रामीण रुग्णालयाला दिली. दोन्ही डोळ्यांत असेल तर पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दुसरी लांबवू नये. दुभागी चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते. उतरताना मान वाकवून वरच्या भागातून बघायचं, किंवा चालायला साधा दूरचा चष्मा.

रात्री खाट ते संडास या वाटेवर इन्व्हर्टर बल्ब, बटण खाटेवरून हाताला येईल असं. गोठ्यापाशी हालचालीने लागणारा सौरदिवा. जुलैत ढगांमुळे तो पुरा चार्ज होत नाही, त्या दिवसांत भरवसा डोक्याला बांधायच्या बॅटरीवर. हातातल्या बॅटरीने धरायचा हात अडतो.

१६ ऑक्टोबर

सोमवारी नरकचतुर्दशी. पहाटेचा अंधार, अंगाला तेल, वर उटणं, ओली मोरी: वर्षभरातली सर्वांत घसरडी अंघोळ. म्हाताऱ्यांना तेल मोरीबाहेर, खुर्चीवर बसवून लावायचं. तळवे कोरडे पुसून चप्पल घालून आत. स्टुलावर बसूनच अंघोळ. आणि त्यांची अंघोळ पहिली. दहाव्या माणसापर्यंत फरशीवर तेलाचा थर बसलेला असतो. बेसनाचं पाणी आणि तेल एकत्र नाहणीत साचतं, प्रत्येकानंतर गरम पाणी आणि सोड्याने एक हात मारायचा. आशा ताईंनी हा निरोप व्हॉट्सॲपवर सूनांच्या गटात टाकला, तोच खरा पत्ता.

१० नोव्हेंबर

फेरचाचण्या. खुर्चीवरची उठबस वर्गाला नियमित येणाऱ्यांची वाढली आहे, वेळेची चाल त्यामानाने कमी सुधारली. तोलाची तिसरी पायरी सर्वांत हळू. पडण्याच्या नोंदी मेपेक्षा जास्त दिसतात, आणि त्यावरून निष्कर्ष काढू नये: मे महिन्यात वर्षभराचं आठवून सांगितलेलं होतं, आता दर महिन्याला कॅलेंडरवर खूण होते. आठवणीत बारीकसारीक पडणं टिकत नाही. दुसऱ्या रकान्यात, म्हणजे चालण्यात, दोन घरी घसरण आहे. दोन्हीकडे दांडे बसवले, आणि ‘आता सगळं आतच आहे’ म्हणून गोठ्याची वाट बंद झाली. तिथे पुन्हा बसून बोलायचं आहे.

पडल्यावर उठायचा सराव आज घेतला. आधी पडून राहायचं, कुठे दुखतं ते बघायचं. कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर, रांगत खाटेपर्यंत, हात खाटेवर, चांगला पाय पुढे, आणि रेटून उठून बसायचं. खुबा दुखतो, पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलंय असं असेल तर उठवायचं नाही, चोळायचं नाही, हाड बसवणाऱ्याकडे न्यायचं नाही. आहे तसं ठेवून पांघरूण घालायचं आणि १०८ ला फोन. खुब्याचं हाड मोडलं तर शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हावी आणि नंतर लगेच उभं करावं, "वय झालंय, राहू दे" म्हणून अंथरुणात ठेवलं तर न्यूमोनिया आणि शय्याव्रण वाट बघत असतात. डोक्याला मार आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना.

बाकी कामं: खालच्या वाडीतल्या तीन मोऱ्यांचे खांब (काँक्रीट झालं, लोंबकळून बघणं राहिलं); झिजलेली काठीची रबरं; झोपेच्या गोळीची मात्रा उतरवत असलेल्यांचा उभा-आडवा रक्तदाब दर पंधरवड्याला. ऊसतोड सुरू झाली की काही घरांतली कर्ती माणसं गाव सोडतील. त्या घरांतल्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांची यादी आणि सकाळ-संध्याकाळ डोकावणाऱ्या शेजाऱ्यांची नावं याच आठवड्यात आशांकडे पोचवायची.